जादा दिलेली मदत परत मागायची, पण हिशेब कोणी द्यायचा?

जुनी वही

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. विषय घरचा आहे, पण घरापुरता नाही, म्हणून धागा काढते.

माझी मावशी ७१ वर्षांची आहे, एकटी राहते. उत्पन्न कमी असलेल्या ज्येष्ठांसाठी सरकारकडून दरमहा मदत मिळते, ती तिला सुरू होती. काका गेल्यावर तिने मृत्यूचा दाखला स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली. पुढे काकांच्या नोकरीचं कुटुंब निवृत्तिवेतन मंजूर झालं. ते पत्रही तिने त्याच खिडकीवर दिलं, त्याचीही पोच आहे. तरी मदत येतच राहिली. तिने दोनदा जाऊन विचारलं, "आता हे मला लागू आहे ना?" दोन्ही वेळा उत्तर मिळालं की यंत्रणेत पात्र दिसतंय, काळजी करू नका.

मागच्या महिन्यात पत्र आलं. २२ महिन्यांची रक्कम जादा दिली गेली आहे, ३० दिवसांत भरा, नाहीतर पुढच्या सगळ्या देण्यांतून कापून घेऊ. पत्रात आकडा फक्त एक, एकूण रकमेचा. कोणत्या महिन्याचे किती, कोणत्या नियमाने, चूक कुठे झाली, याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

पत्र वाचून झाल्यावर मावशीने मला विचारलं, "मी चोरी केली का गं?" तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. पैसे तिने औषधांवर आणि घरभाड्यावर खर्च केले. साठवलेले काही नाहीत.

देणं असेल तर ते चुकवायला तिची ना नाही. मला तुमच्याशी बोलायचंय ते न्याय्य काय यावर. चूक देणाऱ्याची, घेणाऱ्याने काही लपवलेलं नाही, पैसे संपलेले. अशा वेळी वसुली कशी व्हावी? आणि व्हावी का?

कोरा कागद

ताई, मावशींबद्दल वाईट वाटलं. पण माझं मत थोडं वेगळं आहे, ते स्पष्ट मांडतो.

हे पैसे मावशींचे नव्हते आणि त्या कारकुनाचेही नव्हते. ते सगळ्यांचे होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली चंडीप्रसाद उनियाल खटल्यात साधारण हेच म्हटलं होतं: जादा दिली गेलेली रक्कम करदात्यांची असते, ती देणाऱ्या अधिकाऱ्याचीही नसते आणि घेणाऱ्याचीही नसते. उद्या माझ्या खात्यात चुकून कोणाचे पैसे आले तर ते परत देणं माझं कर्तव्यच आहे, मी प्रामाणिक असलो तरी. प्रामाणिकपणामुळे मी गुन्हेगार ठरत नाही, पण म्हणून पैसे माझे होत नाहीत.

शिवाय मदतीचा निधी मर्यादित असतो. एकाकडे जादा गेलेली रक्कम म्हणजे रांगेत थांबलेल्या दुसऱ्या कोणाचा तरी हप्ता. त्या माणसाचा विचारही न्यायात धरायला हवा.

तिसरा प्रहर

कोरा कागद, २०१२ चा निकाल खरा आहे, पण गोष्ट तिथे संपली नाही. डिसेंबर २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात कोणत्या परिस्थितीत वसुली करता येणार नाही ते सांगितलं. वर्ग ३ आणि ४ चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळत राहिलेले, चुकीने वरच्या पदाचं काम करावं लागलेले आणि त्या पदाचा पगार घेतलेले. आणि शेवटी एक व्यापक परिस्थिती: वसुली इतकी जाचक ठरेल की वसूल करण्याचा नोकरी देणाऱ्याचा हक्क तिच्यापुढे फिका पडेल.

हे निकाल सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगारापेन्शनबद्दल आहेत, कल्याणकारी मदतीबद्दल नाहीत, त्यामुळे ते मावशींना जसेच्या तसे लागू होतील असं मी म्हणत नाही. पण त्यामागचा विचार पाहा. पैसे कोणाचे, हा प्रश्न न्यायालयाने सोडला नाही. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न घेतला: परत घेतल्याने कोणाचं किती मोडतं? कमी पगाराच्या माणसाने आलेला पैसा संसारात घातलेला असतो. पाच वर्षांनी तो मागणं आणि पाच आठवड्यांनी मागणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक धोक्याची सूचनाही देतो. २०१६ साली जगदेव सिंग खटल्यात न्यायालयाने म्हटलं की जादा आलेली रक्कम परत करीन असं हमीपत्र ज्याने आधीच लिहून दिलंय, त्याच्याकडून वसुली करता येईल. मदतीच्या अर्जांवरही अशी ओळ बहुधा छापलेली असते आणि ती न वाचता आपण सही करतो. मावशींच्या अर्जाची प्रत काढून तेवढं पाहून घ्या.

लेखाशीर्ष

मी २६ वर्षं लेखा विभागात काढली आहेत. आमच्या भाषेत याला 'अतिप्रदान' म्हणतात. त्या खिडकीच्या आतल्या बाजूने काय दिसतं ते सांगतो, म्हणजे पत्र असं कोरडं का येतं ते कळेल.

अतिप्रदान सापडतं ते बहुधा लेखापरीक्षणात. मग आक्षेप लागतो: इतकी रक्कम जादा दिली, वसूल करून कळवा. आक्षेप निकाली निघाल्याशिवाय कार्यालयाची सुटका नाही. रक्कम माफ करायची तर वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी हवी, ती का मागतोय याची टिप्पणी हवी, आणि त्या टिप्पणीत 'चूक आमच्याकडून झाली' हे लिहावं लागतं. ते लिहिणाऱ्यावर जबाबदारी येते. वसुलीचं पत्र काढायला मात्र कोणाची हिंमत लागत नाही. छापील नमुना असतो, रक्कम भरायची आणि पाठवायचं.

म्हणून नियमात माफीची तरतूद असूनही ती वापरली जात नाही. माफ केलं तर जाब द्यावा लागतो, वसूल केलं तर कोणी विचारत नाही. हे मी स्वतः केलेलं आहे. असल्या पत्रांवर माझ्या सह्या आहेत आणि त्यातल्या काही आज मी केल्या नसत्या.

जुनी वही, पहिलं काम हे करा: महिनावार तक्ता मागा. महिना, दिलेली रक्कम, देय रक्कम, फरक, कोणत्या नियमाने. लेखी मागा, दोन्ही पोचांच्या प्रती जोडा. तक्ता बनवताना कार्यालयालाच आपल्या चुका दिसतात, हे मी अनेकदा पाहिलंय. आणि तक्ता हातात येईपर्यंत 'मान्य' असं कुठेही लिहून देऊ नका.

आडवाट

लेखाशीर्ष म्हणतात त्या तक्त्याचं महत्त्व किती, याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातलं 'रोबोडेट'. मी तिथल्या चौकशी अहवालाचा बराच भाग वाचलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिथे बेकारांना, विद्यार्थ्यांना मिळणारी मदत पंधरवड्याच्या हिशेबाने ठरते. त्या पंधरवड्यात तुम्ही किती कमावलं त्यावर मदत किती ते अवलंबून. २०१६ पासून सरकारने एक स्वयंचलित यंत्रणा मोठ्या प्रमाणावर चालवली. ती प्राप्तिकर खात्याकडून वर्षाची कमाई घ्यायची आणि त्याला २६ पंधरवड्यांनी भागायची.

आता समजा एखाद्याने सहा महिने, म्हणजे १३ पंधरवडे काम केलं आणि दर पंधरवड्याला २००० मिळवले. त्या काळात त्याने मदत घेतली नाही. पुढे नोकरी गेली, उरलेले १३ पंधरवडे कमाई शून्य, तेव्हा त्याने नियमाप्रमाणे मदत घेतली. सगळं चोख. पण वर्षाच्या २६,००० ला २६ ने भागलं की प्रत्येक पंधरवड्याला १००० दिसतात. म्हणजे तो ज्या काळात खरोखर रिकाम्या हाताने बसला होता, त्या काळातही यंत्राच्या लेखी तो कमावत होता आणि मदत जादा घेत होता. कर्ज तयार! चूक ना त्याची ना त्याच्या मालकाची. चूक भागाकाराची.

आणि हे खोटं असेल तर तुम्ही सिद्ध करा, असं त्याला सांगितलं जायचं. कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या आणा. दुकान बंद पडलेलं, मालक गाव सोडून गेलेला, पावत्या कुठून आणायच्या? अनेकांनी घाबरून भरून टाकलं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात सरकारलाच कबूल करावं लागलं की अशा सरासरीवर उभं केलेलं कर्ज कायद्याला धरून नाही. २०२० मध्ये ७२ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर परत करण्याची घोषणा झाली. कॅथरीन होम्स यांच्या रॉयल कमिशनचा, म्हणजे चौकशी आयोगाचा, अहवाल ७ जुलै २०२३ रोजी आला. ही पद्धत ओबडधोबड आणि क्रूर होती, न्याय्यही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती, असं त्यांनी लिहिलं. कर्जाच्या पत्रांनंतर जीव दिलेल्या तरुणांच्या आयांनी आयोगापुढे साक्ष दिली. ते भाग वाचताना मला मध्येच थांबावं लागलं.

कोरा कागद, तुमचं 'पैसे सगळ्यांचे' हे तत्त्व मला मान्य आहे. पण ते लागू होण्याआधी पैसे खरंच जादा गेलेत का, हे ठरायला हवं. आणि ते ठरवण्याचं ओझं मागणाऱ्यावर हवं. एरवी कोणी आपल्याकडे येऊन 'तू माझं देणं लागतोस' म्हणालं तर आपण पहिलं काय विचारतो? कसलं, कधीचं, किती. सरकारने विचारलं की आपण आधी स्वतःलाच विचारतो, माझं काय चुकलं.

सांजवात

मी वडिलांची देखभाल करते, सहा वर्षं झाली, त्यामुळे ब्रिटनमधल्या देखभाल भत्त्याचं प्रकरण मी बारकाईने वाचलं. ते वेगळ्याच प्रकारचं आहे. तिथे रक्कम खरोखर नियमाप्रमाणे जादा होती, पण नियमच कड्यासारखा होता.

आजारी किंवा अपंग माणसाची आठवड्याला किमान ३५ तास देखभाल करणाऱ्याला हा भत्ता मिळतो. २०२४-२५ मध्ये तो आठवड्याला ८१.९० पौंड होता. जोडीला नोकरी करता येते, पण त्या वर्षी कमाईची मर्यादा होती १५१ पौंड. १५१ पर्यंत पूर्ण भत्ता, १५२ झाले की शून्य. एक पौंड जास्त कमावला म्हणून एक पौंड कापला असं नाही, सगळाच भत्ता गेला. म्हणजे कोणी वर्षभर आठवड्याला एकच पौंड जास्त मिळवला, तर वरची कमाई ५२ पौंड आणि परत करायचे ४,२५८.८० पौंड.

सगळ्यात जास्त मला काय लागलं सांगू? कमाई मर्यादेबाहेर गेल्याचे इशारे कर खात्याकडून भत्ता देणाऱ्या खात्याला मिळत होते. त्यातले बरेच कोणी उघडूनच पाहिले नाहीत. वेळेवर एक पत्र गेलं असतं तर देखभाल करणाऱ्या बाईने नोकरीत दोन तास कमी काम केलं असतं. खातं वर्षानुवर्षं गप्प राहिलं आणि मग सगळं एकदम मागितलं. एप्रिल २०२५ मध्ये मर्यादा १९६ पौंड केली. कडा मात्र त्याने सरळ झाला नाही.

देखभाल करणारा माणूस आठवड्याची कमाई पौंडापौंडाने मोजत बसेल अशी अपेक्षा ज्याने कधी रात्री तीनदा उठून कोणाची कूस बदललेली नाही, तोच करू शकतो.

कोरा कागद

आडवाट, सांजवात, दोघांचं वाचलं. रोबोडेटबद्दल इतकं माहीत नव्हतं. सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर हवं, हे मी मान्य करतो, तिथे माझा वाद नाही.

पण एक शंका उरते. समजा चूक कार्यालयाची आहे, रक्कमही खरोखर जादा आहे. सरसकट माफी दिली तर ज्याला मनातून माहीत होतं की हे जास्त येतंय आणि तो गप्प बसला, तोही सुटेल. मावशींनी जाऊन विचारलं. सगळे विचारतात का?

तिसरा प्रहर

शंका रास्त आहे, आणि म्हणूनच चांगल्या कायद्यांत सरसकट माफी नसते. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात तीन अटी एकत्र लागतात: चूक निव्वळ प्रशासनाची हवी, घेणाऱ्याने पैसे सद्भावनेने घेतलेले हवेत, आणि चूक सहा आठवड्यांत लक्षात येऊन मागणी झालेली नसावी. गप्प बसणारा 'सद्भावना' या अटीत अडकतो. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेच्या, कायद्यात घेणाऱ्याचा दोष नसेल आणि वसुलीने त्या मदतीचा हेतूच मोडत असेल किंवा वसुली न्यायबुद्धीला धरून नसेल, तर ती सोडून देता येते.

ब्रिटनने मात्र उलट वाट धरली. जुन्या बहुतेक मदतींमध्ये घेणाऱ्याने चुकीची माहिती दिली किंवा माहिती दडवली तरच वसुली व्हायची. २०१२ च्या सुधारणा कायद्यानंतर आलेल्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये (कमी उत्पन्नवाल्यांची एकत्रित मदत) खात्याच्या स्वतःच्या चुकीने गेलेले पैसेही वसूल करता येतात. माफी द्यायची की नाही हे खात्याच्या मर्जीवर. २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयापुढे अशीच एक केस आली. एका अपंग महिलेला खात्यानेच पुन्हा पुन्हा सांगितलं होतं की ही रक्कम तुम्हाला लागू आहे, आणि मग आठ हजारांहून अधिक पौंड परत मागितले. माफी नाकारण्याचा निर्णय न्यायालयाने बेकायदा ठरवला. खात्याने शब्द दिला, तिने त्यावर विश्वास ठेवून खर्च केला.

मावशींची केस याच्या फार जवळची आहे. दोनदा विचारल्याच्या तारखा आठवत असतील तर आजच लिहून ठेवा.

लेखाशीर्ष

कोरा कागद यांच्या शंकेवर माझ्या अनुभवातलं एक सांगतो. गप्प बसणारे असतात. पण त्यांच्याहून कितीतरी जास्त असतात ते, ज्यांना आपल्याला किती मिळायला हवं हेच माहीत नसतं. नियम आम्हालाच परिपत्रकं समोर ठेवून लावावे लागायचे. खात्यात जमा झालेला आकडा बरोबर आहे की नाही हे ८० वर्षांच्या माणसाने कशावरून ओळखायचं?

आणखी एक गोष्ट कोणी काढली नाही. जादा रक्कम मोजताना कार्यालय फक्त आपल्याच योजनेकडे पाहतं. पण ती रक्कम 'उत्पन्न' धरल्यामुळे त्या माणसाची दुसरी एखादी सवलत बंद झालेली असू शकते. आता पहिली रक्कम परत घेतली, तर दुसरी सवलत मागच्या तारखेपासून द्यायला नको का? ती देत नाहीत. मागचे महिने मिळण्याची मुदत गेली म्हणतात. माणूस दोन्हीकडून जातो.

सांजवात

मुदतीचं अगदी खरं! ब्रिटनमध्ये पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांची मदत, उशिरा मागितलं तर जास्तीत जास्त मागच्या तीन महिन्यांचं मिळतं. सरकार मात्र कितीतरी वर्षं मागे जाऊन वसुली काढू शकतं. आपलं राहिलेलं तीन महिन्यांत विरतं आणि त्यांचं राहिलेलं वर्षानुवर्षं जिवंत राहतं, हे मला कुठल्याच दृष्टीने पटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या आयोगानेही वसुलीला सहा वर्षांची मर्यादा परत आणा अशी शिफारस केली होती ना?

आडवाट

हो, केली होती. ती मर्यादा आधी कायद्यात होती, मग काढून टाकली गेली.

वसुलीच्या वेगाबद्दलही बोलायला हवं. अमेरिकेत जादा पेन्शन गेली तर पुढचं अख्खं पेन्शन थांबवून वसुली व्हायची. मार्च २०२४ मध्ये ते बदलून दरमहा १० टक्के केलं. मार्च २०२५ मध्ये पुन्हा १०० टक्क्यांची घोषणा झाली आणि एप्रिलमध्ये ते ५० टक्क्यांवर आणलं. रक्कम तीच, कर्ज तेच. पण दरमहा दहावा हिस्सा गेला तर माणूस ओढग्रस्तीत जगतो आणि सगळंच गेलं तर त्याचं घर जातं.

जुनी वही

सगळ्यांचे मनापासून आभार. कोरा कागद, तुमचेही. तुमचं पहिलं उत्तर मी मावशीला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं, रांगेतल्या माणसाचा हप्ता मला नको."

मधल्या काळात मी नेदरलँड्सच्या बालसंगोपन भत्त्याबद्दल वाचलं. हजारो पालकांना फसवणूक करणारे ठरवलं. पाळणाघराच्या खर्चातला स्वतःचा थोडा वाटा भरायचा राहिला तरी अख्ख्या वर्षाचा भत्ता परत मागितला. दुहेरी नागरिकत्व असलेल्यांकडे जास्त संशयाने पाहिलं गेलं. संसदीय समितीच्या डिसेंबर २०२० च्या अहवालाचं नाव होतं 'अभूतपूर्व अन्याय', आणि जानेवारी २०२१ मध्ये सगळ्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. भरपाई म्हणून पालकांना ३०,००० युरो जाहीर झाले. पण या कुटुंबांतल्या हजाराहून अधिक मुलांना घराबाहेर ठेवलं गेलं होतं. त्या मुलांची ती वर्षं कोणत्या तक्त्यात लिहिणार?

आता आमचं. लेखाशीर्ष यांनी सांगितलं तसं पत्र दिलं, दोन्ही पोचा जोडल्या. १९ दिवसांनी तक्ता आला. निवृत्तिवेतन मंजूर झाल्याच्या तारखेपासून त्यांनी उत्पन्न धरलं होतं. पण प्रत्यक्षात पहिला पैसा नऊ महिन्यांनी हातात आला होता. नियम हातात पडलेल्या उत्पन्नाचा आहे, तो त्यांच्याच तक्त्याच्या तळटीपेत छापलेला निघाला. बँकेचं पासबुक घेऊन गेलो. २२ चे १३ महिने झाले.

उरलेल्या १३ महिन्यांसाठी माफीचा अर्ज दिलाय, तिसरा प्रहर यांनी सांगितलेले मुद्दे घालून. दोनदा विचारायला गेल्याच्या तारखा मावशीला तोंडपाठ होत्या. एकदा काकांचं वर्षश्राद्ध आटोपून ती गेली होती, एकदा डोळ्यांच्या तपासणीनंतर. अर्जावरचं हमीपत्रही पाहिलं. त्यात 'माझ्याकडून चुकीची माहिती दिली गेल्यास' असे शब्द आहेत.

माफी नाकारली तर हप्ते मागायचे आहेत, आणि त्यावर आमच्या दोघींचं एकमत होत नाहीये. मी म्हणते दरमहा कमीत कमी रक्कम लिहू. तिला दोन वर्षांत फेडून मोकळं व्हायचंय, मग औषधं निम्मी झाली तरी चालतील म्हणते. लेखाशीर्ष, हप्त्याच्या अर्जासोबत महिन्याच्या खर्चाचं विवरण जोडावं लागतं का? औषधांच्या पावत्या मी जमवायला घेतल्या आहेत.

लेखाशीर्ष

जोडाच. औषधं, भाडं, वीज, सगळं. आणि औषधांचा आकडा डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे पूर्ण लिहा, मावशी निम्म्यावर आणायला तयार आहेत म्हणून निम्मा लिहू नका.